दुबार पेरणीच्या वर्षातला अभ्यास

विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरोघरी पेरणीची घालमेल सुरू असते. त्यामुळे येथील विद्यार्थ्याच्या वर्षाचा आरंभ केवळ नव्या वह्या-पुस्तकांनी होत नाही. पहिल्या पावसावर टाकलेले सोयाबीन उगवले की मातीतच कुजले, कृषी केंद्राच्या मालकाने यंदा उधारीवर बियाणे दिले की मागची बाकी काढली, यावरच शिकवणीची फी, तालुक्याच्या गावातील खोलीचे भाडे आणि कित्येकदा थोरल्या बहिणीचे महाविद्यालय ठरत असते. ज्यांचे चालू वर्ष ठरवल्याप्रमाणे चाललेले नाही, अशा आठवीपासून पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहीत आहे. मी अनेक वर्षे अशाच मुलामुलींना शिकवत आलो आहे, आणि त्यांच्याकडूनच यातील बरेचसे शिकलो आहे.

उलथापालथ म्हटली की आपण सगळ्या संकटांची एकच मोट बांधतो, पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्यांत फरक केला पाहिजे. नापिकी, कर्त्या माणसाचे आजारपण किंवा मृत्यू, कामासाठी घराचे पुण्या-सुरतेकडे हलणे ही घरातली उलथापालथ. परीक्षेची पद्धत बदलणे, प्रवेशाचे नियम बदलणे, भरतीची जाहिरात वर्षानुवर्षे लांबणे ही सरकारी कागदावरची उलथापालथ. आणि २०२० ची टाळेबंदी, २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पुढे अनेक महिने चाललेला एसटीचा संप, जुलै २०२२ मध्ये वर्धा-चंद्रपूर भागात आलेले पूर, ही सर्वांवर एकदम आलेली. पहिल्या प्रकारात माणूस एकटा पडतो, दुसऱ्यात चिडतो आणि तिसऱ्यात वाट पाहत बसतो. आपण या तिन्हींपैकी कशात अडकलो आहोत, हे ओळखणे ही पहिली पायरी होय.

‘सकारात्मक राहा’ या सल्ल्याचे काय करावे

ज्या घरात सावकाराचा माणूस ओसरीवर येऊन बसतो, त्या घरातील मुलाला ‘सकारात्मक विचार कर’ असे सांगणे मला नेहमीच थोडे क्रूरपणाचे वाटत आले आहे. मन बदलले की परिस्थिती बदलते, असे सांगणारे वक्ते हल्ली शाळाशाळांतून फिरतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यातून मुले नकळत असा अर्थ काढतात की परिस्थिती बदलली नाही, तर दोष आपल्या मनाचा आहे.

या बाबतीत अभ्यासकांना काय आढळले, ते पाहण्यासारखे आहे. बुद्धी जन्मतः ठरलेली नसते, ती प्रयत्नाने वाढते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना पटवून दिली तर काय होते, याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेतील नववीच्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवर झाला आणि तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. तासाभरापेक्षाही कमी वेळाच्या त्या पाठानंतर, आधी कमी गुण असलेल्या मुलांच्या गुणांत खरोखरच वाढ झाली, पण चारच्या मोजपट्टीवर ती साधारण ०.१ एवढीच होती, आणि ज्या शाळांतील सोबती अवघड अभ्यास अंगावर घेणे चांगले मानत होते, तेथे ती अधिक दिसली. याचा माझ्या मते सरळ अर्थ असा की धारणा बदलण्याचा उपयोग होतो, परंतु तो थोडा असतो आणि सोबत कोणाची आहे यावर बराच अवलंबून असतो. म्हणून मन बदलण्याच्या मोठ्या संकल्पाऐवजी या लेखात कृतींचा क्रम सांगितला आहे. तो क्रम पाळता पाळता मन आपोआप वळणावर येते, असा माझा अनुभव आहे.

एका पानावर तीन रकाने

पेरणी उलटली, म्हणजे कास्तकार काय करतो, हे तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे. तो आधी वावरात जातो, तासातली माती उकरून बियाणे फुगले आहे की सडले आहे ते पाहतो, किती भागात उगवण झाली आहे याचा अंदाज घेतो आणि मग पंचांगाकडे पाहतो. जुलैचा पहिला आठवडा असेल तर तो पुन्हा सोयाबीन टाकतो. पंधरवडा उलटून गेला असेल तर तेच पीक धरून बसत नाही. तूर वाढवतो, तीळ टाकतो किंवा जमीन मोकळी ठेवून रब्बीच्या हरभऱ्याचा विचार करतो. दुःख त्याला झालेले असतेच, परंतु त्या दुःखाचा आणि तारखेचा हिशेब तो वेगवेगळा ठेवतो. अभ्यासाचे वर्ष विस्कटले की विद्यार्थ्याकडून नेमकी हीच गोष्ट होत नाही. तो एक तर सगळेच गेले असे धरून बसतो, नाही तर काहीच झाले नाही असे समजून जुनेच वेळापत्रक पुन्हा भिंतीवर चिकटवतो.

म्हणून एक वही घ्या आणि तिच्या एका पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात ‘गेले’, दुसऱ्यात ‘उरले’ आणि तिसऱ्यात ‘अजून कळायचे आहे’ असे लिहा. हे काम मनातल्या मनात करू नका, कारण मनात हे तिन्ही रकाने एकमेकांत मिसळतात आणि तिसऱ्यातील गोष्टी पहिल्यात जाऊन बसतात. उदाहरणार्थ, बारावीच्या एका मुलाचे वडील दिवाळीनंतर अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले आहेत आणि कापसाची वेचणी त्याच्यावर आली आहे, असे समजा. त्याच्या मनात एकच वाक्य असते, ‘माझे वर्ष गेले.’ तेच कागदावर मांडले तर चित्र निराळे दिसते. नोव्हेंबरमधील पंधरा दिवसांचे वर्ग आणि शिकवणीचा एक हप्ता, एवढे ‘गेले’ या रकान्यात येते. लेखी परीक्षेपर्यंतचे अडीच-तीन महिने, चार विषयांचा झालेला अर्धा अभ्यास, प्रयोगवहीची पूर्ण झालेली पाने आणि रात्री दोन तास हे ‘उरले’ मध्ये जाते. वडील उठून बसायला किती दिवस लागतील, मोठे बाबा वेचणीला मजूर लावून देतील का, शाळेत हजेरीची अडचण होईल का, हे सर्व तिसऱ्या रकान्यातले. तिसऱ्या रकान्यातील प्रत्येक प्रश्नासमोर तो कोणाला आणि कधी विचारायचा, हे लिहावे. हजेरीचा प्रश्न वर्गशिक्षकांना सोमवारी, मजुरांचा मोठ्या बाबांना आजच. ज्याचे उत्तर विचारून मिळू शकते, त्याची रात्रभर काळजी करत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे.

‘उरले’ हा रकाना भरताना मुले फार कंजुषी करतात, असे मला दिसले आहे. याचे एक कारण असे की व्यवस्थेत कोणकोणते दरवाजे उघडे असतात, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश घेता येतो. राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा आता जून-जुलैत होते, त्यामुळे मार्चमध्ये राहिलेल्या विषयासाठी पूर्वीसारखी ऑक्टोबरची वाट पाहावी लागत नाही. नियमित शाळेत जाणे अशक्यच झाले, तर अटी पूर्ण करणाऱ्यांना १७ नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या परीक्षेला बसता येते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ साली काम करता करता शिकणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच झाली, आणि त्याची विभागीय केंद्रे नागपूर व अमरावती येथे आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे शिक्षण मध्येच थांबवावे लागले, तर आवश्यक श्रेयांक (क्रेडिट) पूर्ण असल्यास एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका मिळण्याची तरतूद आहे, आणि मिळवलेले श्रेयांक पुढे वापरता येतात. यांपैकी कोणताही मार्ग पहिल्या मार्गाइतका सोयीचा नाही, हे खरे आहे. परंतु ‘वर्ष गेले’ आणि ‘एक विषय जुलैत द्यायचा आहे’ या दोन वाक्यांनी माणसाच्या चालण्यात किती फरक पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मंडळाच्या परीक्षेसारखी पक्की वाटणारी गोष्टदेखील हलू शकते, याचा अनुभव आपल्याला आहेच. २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर टाळेबंदीमुळे झालाच नाही आणि त्याचे गुण इतर विषयांच्या आधारे दिले गेले. २०२१ मध्ये तर दहावी आणि बारावी दोन्हींच्या लेखी परीक्षा रद्द झाल्या आणि निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला. त्या वर्षी ज्यांनी ‘परीक्षाच नाही तर अभ्यास कशाला’ असे म्हटले, त्यांची अडचण पुढच्या वर्गात गणिताच्या पहिल्याच प्रकरणाला समोर आली.

ध्येय आणि वाट यांची गाठ सोडवणे

गावोगावच्या अभ्यासिकांत आज पोलीस भरती, तलाठी भरती आणि राज्यसेवेची तयारी करणारी मुले बसलेली असतात. त्यांतील अनेकांच्या बाबतीत ध्येय आणि वाट यांची गाठ इतकी घट्ट बसलेली असते की वाट बंद झाली म्हणजे आपणच संपलो, असे त्यांना वाटू लागते. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेचेच पाहा. ती वस्तुनिष्ठ न राहता वर्णनात्मक होणार, असे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केले. त्यावर विद्यार्थ्यांनी आंदोलन केले आणि २०२३ च्या आरंभी हा बदल २०२५ पर्यंत पुढे ढकलण्यात आला. आंदोलन करण्यात काहीच गैर नव्हते, आणि वेळ मागून घेणे हा विद्यार्थ्यांचा हक्कच होता. परंतु मिळालेल्या मुदतीत रोज एक उत्तर हाताने लिहून काढण्याची सवय ज्याने लावून घेतली असेल, तो त्या मुदतीचा खरा धनी ठरतो, आणि ज्याने ती मुदत केवळ जुन्या पद्धतीला मिळालेले जीवदान समजली, त्याच्यासाठी तेच संकट दोन वर्षांनी पुन्हा उभे राहते.

गाठ सोडवण्याची रीत सोपी आहे, जरी ती करताना मनाला जड जाते. तुमचे ध्येय एका वाक्यात लिहा आणि त्यातून पदाचे, परीक्षेचे आणि महाविद्यालयाचे नाव काढून टाका. ‘मला अमुक महाविद्यालयात अभियांत्रिकीला जायचे आहे’ यातून नाव काढल्यावर काय उरते? कदाचित ‘मला यंत्रांची कामे आवडतात’ हे उरेल, कदाचित ‘मला महिन्याला ठरलेला पगार हवा आहे’ हे उरेल, आणि कदाचित ‘मला या गावातून बाहेर पडायचे आहे’ एवढेच उरेल. तिन्ही प्रामाणिक उत्तरे आहेत, पण प्रत्येकाच्या वाटा निराळ्या आहेत. यंत्रे आवडणाऱ्याला तालुक्याची आयटीआय ही पडती बाजू न वाटता एक वाट वाटू शकते. ठरलेला पगार हवा असणाऱ्याने मात्र तीच एक परीक्षा पाचव्यांदा द्यावी का, याचा विचार मुदत घालून केला पाहिजे. किती प्रयत्न आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे शांत असताना लिहून ठेवलेले बरे, कारण निकालाच्या दिवशी घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो.

शेतीतला एक नियम येथे उपयोगी आहे. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, आणि सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते पाहा. नव्या वाटेवर जाण्यापूर्वी तिचेही १०० दाणे उगवून पाहावेत. शाखा बदलायची असेल तर त्या शाखेचे पुस्तक मित्राकडून घेऊन पंधरा दिवस वाचावे. एखादा अभ्यासक्रम करायचा असेल तर तो करून कामाला लागलेल्या गावातल्याच मुलाला गाठून अर्धा तास बोलावे. बियाणे तपासायला फार पैसे लागत नाहीत.

डोके चालत नाही, असे वाटते तेव्हा

संकटाच्या काळात अनेक हुशार मुले सांगतात की वाचलेले लक्षात राहत नाही, साधे गणित चुकते, एकाच ओळीवर नजर थांबते. ती स्वतःला आळशी किंवा मठ्ठ समजू लागतात. तमिळनाडूतील ५४ गावांमधील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी ऊसतोडीपूर्वी, हात रिकामा असताना, आणि तोडीनंतर, पैसे आल्यावर, अशी दोनदा घेतली, तेव्हा तोडीपूर्वी त्यांचे गुण स्पष्टपणे कमी आले. माणसे तीच होती; फक्त त्यांच्या मनाचा एक कोपरा सतत पैशाच्या विवंचनेने व्यापलेला होता. आपल्याकडे सोयाबीन घरात येईपर्यंत, म्हणजे श्रावणापासून दसऱ्यापर्यंत, बहुतेक घरांचा हात असाच रिकामा असतो, आणि शाळेची पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी त्याच सुमारास येते. तेव्हा त्या परीक्षेतील गुणांवरून आपली बुद्धी मोजू नका.

मनाचा तो व्यापलेला कोपरा रिकामा करणे आपल्या हाती नसले, तरी त्याचा पसारा आवरता येतो. संध्याकाळी एक ठरलेली वेळ निवडा आणि त्या वीस मिनिटांत जी काळजी असेल ती सगळी वहीच्या मागच्या पानावर उतरवा. दिवसा ती काळजी डोके वर काढू लागली, की ‘संध्याकाळी लिहीन’ एवढेच स्वतःला सांगा. अभ्यासाचे तुकडे लहान करा. तीन तासांच्या बैठकीचा हट्ट सोडून पंचवीस-तीस मिनिटांच्या चार बैठका धरा. आणि वेळ कमी आहे म्हणून पुन्हा पुन्हा वाचत बसण्यापेक्षा एकदा वाचून पुस्तक मिटा आणि आठवेल तेवढे लिहून काढा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की पाच मिनिटांनी विचारले तर पुन्हा वाचणाऱ्यांना अधिक आठवते, पण आठवड्याने विचारले तर आठवून लिहिणारे पुढे असतात. आठवून लिहिणे त्रासदायक वाटते आणि आपल्याला काहीच येत नाही अशी भावना होते, म्हणून मुले ते टाळतात. ती भावना खोटी असते.

येथे एक सीमा स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. दोन आठवडे सलग झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कोणाशी बोलावेसे वाटत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर हा वहीने किंवा वेळापत्रकाने सुटणारा प्रश्न नाही. शेवटच्या प्रकारचा विचार मनात आला, तर दोन आठवडे काय, दोन तासही थांबू नका. ज्या घराने आत्महत्या पाहिली आहे, अशी घरे आपल्या भागात कमी नाहीत, आणि त्या घरातील मुले फार लवकर मोठी होण्याचा प्रयत्न करतात. रडायचे नाही, आईला सांभाळायचे, असे ठरवून टाकतात. त्यांनी विशेषतः हे लक्षात घ्यावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असते आणि तेथे मराठीत बोलता येते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. फोन करायचे धाडस होत नसेल, तर ज्या सरांवर किंवा मॅडमवर विश्वास आहे त्यांना ‘मला तुमच्याशी दहा मिनिटे बोलायचे आहे’ एवढे एकच वाक्य सांगा. पुढचे त्यांच्यावर सोडा.

रोजची एक गोष्ट आपल्या हाती ठेवणे

१९६७ साली मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर काही प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कुत्र्यांना विजेचे धक्के काहीही करून थांबवता आले नव्हते, त्यांतील बरेच कुत्रे पुढे सुटण्याचा मार्ग समोर असतानाही पडून राहिले. आज असे प्रयोग कोणी करू नयेत, हे वेगळे. यावरून हताशा ही शिकली जाते, असा निष्कर्ष तेव्हा निघाला आणि तो जगभर शिकवला गेला. परंतु त्याच दोघांनी २०१६ मध्ये, मेंदूवरील पुढच्या संशोधनाच्या आधारे, आपलाच निष्कर्ष फिरवला. दीर्घकाळ त्रास झाला की निष्क्रिय होणे ही सजीवाची मूळ प्रतिक्रियाच आहे. शिकावी लागते ती, आपल्या करण्याने काही बदलते, ही जाणीव. पन्नास वर्षांनी स्वतःची चूक अशी मांडणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो, आणि त्यांचे हे दुसरे म्हणणे आपल्या अधिक कामाचे आहे. अंथरुणात पडून राहावेसे वाटणे हा तुमचा स्वभावदोष नाही. त्यातून बाहेर पडण्याकरिता दररोज एक तरी गोष्ट अशी हवी, जी केली तर होते आणि न केली तर होत नाही.

ती गोष्ट लहान असावी आणि आधीच रोज घडणाऱ्या एखाद्या कामाला बांधलेली असावी. ‘मी रोज अभ्यास करीन’ असे लिहिण्याऐवजी ‘सकाळी पाणी भरून झाले, की चूल पेटायच्या आत ओसरीवर बसून गणिताची तीन उदाहरणे सोडवीन’ असे लिहा. बसची वाट पाहताना दहा शब्दार्थ, बैल सोडून आल्यावर एक परिच्छेद. भारनियमन, पाहुणे आणि पाऊस यांना गृहीत धरून दुसरी जोडी तयार ठेवा: ‘संध्याकाळी वीज गेली, तर पाठ केलेले मोठ्याने म्हणेन.’ वेचणीच्या दिवसांत ही गोष्ट आणखी लहान करावी, पण बंद करू नये. एका उदाहरणावर आणली तरी चालेल.

घरात कसे बोलावे

आपल्या घरांतून पैशाचे मुलांशी बोलले जात नाही. वडील सांगत नाहीत, कारण त्यांना कमीपणा वाटतो; मूल विचारत नाही, कारण ते आगाऊपणाचे दिसते. या दोन मौनांच्या मध्ये अफवा वाढते, आणि मूल प्रत्यक्षापेक्षा वाईट काहीतरी गृहीत धरते. म्हणून बोलणे विद्यार्थ्याने सुरू करावे, पण जेवताना किंवा बाजारातून दमून आल्यावर नव्हे. ‘बाबा, सगळे कर्ज किती आहे ते नका सांगू. मला फक्त मार्चपर्यंत खोलीचे भाडे जमेल की नाही, एवढे सांगा, म्हणजे मी गावातून जाणे-येणे करायचे का ते ठरवतो,’ असे मर्यादित विचारले तर बहुतेक वडील उत्तर देतात. आपण काय सोडायला तयार आहोत, हे आधी सांगितले की मागणे हट्टासारखे वाटत नाही. कामाचेही तसेच. ‘वेचणीला येणार नाही’ म्हणण्याऐवजी ‘शनिवार-रविवार आणि सुट्टीचे दिवस पूर्ण येतो, पण सराव परीक्षेचे सहा दिवस मला सोडा’ असे तारखा घालून बोलावे.

मुलींच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट असतो, कारण नापिकीच्या वर्षी पहिला विचार तिचे नाव काढण्याचा किंवा लग्न उरकण्याचा होतो. अशा वेळी वडिलांशी थेट वाद घालण्यापेक्षा घरात ज्यांचा शब्द चालतो, अशी आजी, मामा किंवा शाळेतील मॅडम यांना मध्ये घ्यावे आणि त्यांच्या हाती ठोस माहिती द्यावी. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास विनामूल्य मिळतो. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेतल्यास, २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ‘शिकवायला पैसे लागतात’ या एका वाक्यावर अडलेले बोलणे अशा माहितीने पुढे सरकू शकते. वय अठराच्या आत असताना लग्न ठरत असेल, तर वर सांगितलेला १०९८ हाच क्रमांक उपयोगी पडतो.

कागदपत्रे

मनोधारणेच्या लेखात उत्पन्नाच्या दाखल्याचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु शिष्यवृत्ती एका कागदापायी हुकल्याने जितकी मुले खचलेली मी पाहिली आहेत, तितकी नापास झाल्याने पाहिलेली नाहीत. जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधारला जोडलेले स्वतःच्या नावाचे बँक खाते, हे सर्व प्रवेशाच्या धावपळीत न करता दिवाळीच्या सुट्टीत पाहून ठेवावे. जात वैधतेला विशेषतः वेळ लागतो. मूळ कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत, पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावेत आणि डिजिलॉकरवरही चढवावेत. आठवीत असाल तर एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा टाळू नका. निवड झाली तर पुढील अटी पाळून नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार, स्वयम्, आधार अशा प्रवर्गनिहाय निर्वाहभत्त्याच्या योजना आहेत, त्यांची चौकशी महाविद्यालयात आणि समाजकल्याण, आदिवासी विकास किंवा बहुजन कल्याण कार्यालयात करावी.

अफवांबद्दल एवढेच सांगतो की परीक्षा पुढे गेली, रद्द झाली, पेपर फुटला, असे काही मोबाईलवर आले, तर मंडळाच्या किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय ते पुढे पाठवू नका आणि त्यावर आपले वेळापत्रकही बदलू नका.

पान पुन्हा केव्हा उघडावे

तीन रकान्यांचे ते पान एकदा लिहून ठेवायचे नसते. रोज पाहिले तर ते छळते, वर्षाने पाहिले तर उपयोग संपलेला असतो. आपल्याकडे वर्षाला स्वतःचे टप्पे आहेतच: पोळ्याची कर (पोळ्याचा दुसरा दिवस), दिवाळीनंतर सोयाबीनचा हिशेब होतो तो आठवडा आणि संक्रांत. या तीन दिवशी पान उघडून, ज्या प्रश्नांची उत्तरे मिळाली ते तिसऱ्या रकान्यातून काढून योग्य जागी लिहावेत. शक्य असेल तर दोन मित्रांनी किंवा मैत्रिणींनी एकत्र बसून हे करावे, कारण दुसऱ्याच्या ‘उरले’ या रकान्यातील विसरलेल्या गोष्टी आपल्याला पटकन दिसतात. संक्रांतीच्या बैठकीत मात्र नव्या वाटांची चर्चा करू नये. तेव्हा बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आलेल्या असतात, म्हणून त्या दिवशी फक्त प्रयोगवहीवर कोणत्या सह्या राहिल्या आहेत आणि कोणत्या विषयाची कोणती प्रकरणे सोडून द्यायची आहेत, एवढेच ठरवावे आणि वही बंद करावी.